वाचून झाल्यावरचा चेहरा

लायब्ररीत तिला ‘मीठमंत्री’ हे नाव पडलं, त्याचं सगळं श्रेय बाइंडरकाकांना. तळमजल्यावर, जिन्याखालच्या खोलीत ते फाटक्या पुस्तकांना नवे पुठ्ठे चढवत बसत आणि त्यांच्या खोलीला लागूनच तिची संगणकांची खोली होती. मध्ये दार असं नव्हतंच, नुसती चौकट. त्यामुळे खळीचा वास तिच्याकडे यायचा आणि तिचं फोनवरचं बोलणं त्यांच्याकडे जायचं. एकदा ती फोनवर कमिटीच्या अध्यक्षांना समजावत होती, की सभासदांच्या पासवर्डांत मीठ घालायला हवं आणि आता उशीर नको. झालं. फोन खाली ठेवते न ठेवते तोच चौकटीतून प्रश्न आला.

“काय गं, अळणी आहेत का आपले सभासद?”

“अळणीच आहेत, काका. म्हणून तर चोराला सोपे.”

“आणि तू काय, मीठमंत्री?”

नाव दुपारपर्यंत वरच्या मजल्यावर पोचलं. बाबा असते तर काउंटरवरूनच हसले असते, आवाज न करता, नुसते खांदे हलवत. बाबा इथले ग्रंथपाल. थंडी सरता सरता ते गेले आणि तेव्हापासून तिला दुपारी झोप अनावर व्हायला लागली होती. रात्रभर डोळा लागायचा नाही, आणि दुपारी उन्हाचा चौकोन फरशीवरून सरकत तिच्या खुर्चीपाशी आला, की यंत्रांची घरघर लांब जायची, पापण्या जड व्हायच्या आणि वरच्या मजल्यावर बाबा खुर्ची मागे सरकवताहेत असा आवाज तिला स्पष्ट ऐकू यायचा.

बाबांना संगणकातलं काही कळत नसे, पण विचारल्याशिवाय राहवतही नसे. ती इथे नोकरीला लागली तेव्हा एका संध्याकाळी खिडक्या लावता लावता त्यांनी विचारलं होतं, “म्हणजे आता सगळ्या सभासदांचे पासवर्ड तुझ्याकडे?”

“एकही नाही, बाबा.”

“मग माझा बरोबर आहे हे यंत्राला कळतं कसं?”

तिने समजावलं होतं. आपण शब्द टाइप केला की यंत्र तो दळतं आणि त्यातून अक्षरं-आकड्यांची एक लांबलचक ओळ निघते. ठेवायची ती ओळ. शब्द तिथल्या तिथे टाकून द्यायचा. पुढच्या वेळी पुन्हा शब्द आला की पुन्हा दळायचा आणि निघालेली ओळ ठेवलेल्या ओळीशी ताडून बघायची. जुळली तर दार उघडायचं. ओळीवरून उलट शब्दाकडे जायची वाट नाही. तिलाही नाही, कमिटीलाही नाही.

बाबा खिडक्या लावत राहिले. बोलले ते दुसऱ्या दिवशी, तिच्या डब्यातली भाजी उचलत. “तुझं ते दळण मला नाही पटलं. मी सांगतो कसं ते. पुस्तक वाचून झालं की माणूस मान वर करतो, तेव्हा त्याचा एक चेहरा असतो. मी आयुष्यभर काउंटरवरून तेच बघत आलो. त्या चेहऱ्यावरून पुस्तक परत लिहिता येईल? छे! पण तेच पुस्तक पुन्हा दे त्याला, पुन्हा तोच चेहरा. तुझं यंत्र पुस्तक ठेवत नाही. चेहरा ठेवतं.”

“अगदी बरोबर. फक्त आपल्या यंत्रात एक घोळ आहे. आधीच्या कंत्राटदाराने असं बसवलंय, की तेच पुस्तक कुणीही वाचलं तरी सगळ्यांचा चेहरा हुबेहूब एकच होतो.”

“असं कुठे असतं का?” बाबांना त्यात लायब्ररीचाच अपमान वाटला.

“नसतं. म्हणून मीठ लागतं. प्रत्येक सभासदाला त्याची त्याची चार अक्षरं द्यायची, कशीही, डोळे मिटून उचललेली. ती शब्दात मिसळायची आणि मग दळायचं. मीठ लपवायची गरज नाही, ओळीच्या शेजारीच ठेवायचं. पण मग दोघांचा शब्द एक असला तरी ओळी निराळ्या होतात.”

“आणि नसेल मीठ तर?”

“तर चोर घरी बसून शब्दकोशातल्या सगळ्या शब्दांचे चेहरे आधीच काढून ठेवतो. आपला ओळींचा तक्ता त्याच्या हाती लागला की नुसतं जुळवत जायचं. मीठ असलं की त्याला प्रत्येक माणसासाठी पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.”

“घाल मग मीठ,” बाबा म्हणाले होते. कमिटीने मात्र विषय पुढे ढकलला, मग आणखी पुढे ढकलला, आणि बाबा गेल्यानंतर कुठल्याशा दुसऱ्या वाचनालयाचा तक्ता चोरीला गेला तेव्हा सगळ्यांना एकदम घाई सुटली. सोमवारी नवी व्यवस्था सुरू करायची असं ठरलं. त्याच बैठकीत आणखी एक ठरलं, तिला न विचारता आणि ठरवणाऱ्यांच्या मते अगदी साधं: हयात नसलेल्या सभासदांची खाती सोमवारी पुसून टाकायची.

त्यांत बाबांचं खातं होतं.

शेवटच्या महिन्यांत बाबांना जाड पुस्तक हातात पेलत नसे, म्हणून ते लायब्ररीच्याच खात्यातून पडद्यावर वाचत, अक्षरं मोठी करून. एक लांबच लांब कादंबरी चालली होती. संध्याकाळी ती घरी आली की बाबा तिकडची खबर द्यायचे, शेजारच्या घरची द्यावी तशी. “आज तो धाकटा परत आला बरं का. पण त्याच्याशी कुणी बोलत नाही.” मग खबरी थांबल्या, कारण बोलणंच थांबलं, पण बाबा वाचत होते. पडद्याचा उजेड त्यांच्या हनुवटीवर पडलेला तिने दारातून पाहिला होता. ते कुठवर पोचले होते? तिला एवढंच हवं होतं. तिथून पुढचं ती वाचणार होती. बाकी सगळं आवरून झालं होतं, कपडे देऊन झाले होते, चष्मा पेटीत गेला होता. हे एक पान तेवढं उघडं राहिलं होतं आणि ते तिला सापडत नव्हतं.

सापडत नव्हतं याचं कारण बाबाच. वाचक कुठे थांबला याची खूण खात्यात राहते, आणि ही खूण ग्रंथपालालाही दिसता कामा नये असा त्यांचा हट्ट. “कुणी कुठल्या पानावर अडकलं हे बघायचा मला काय अधिकार?” म्हणून तिनेच ती सोय अशी बांधली होती, की खूण वाचकाच्या शब्दानेच बंद व्हावी आणि त्याच शब्दाने उघडावी. नवा पासवर्ड लावून खातं उघडता आलं असतं, खूण नाही.

तिने अंदाज लावून पाहिले होते. आईचं नाव, जी ती शाळेत असतानाच गेली. जुन्या घराच्या गल्लीचं नाव. एके काळी पाळलेल्या कुत्र्याचं. दर वेळी तेच उत्तर, तसंच अदबीने: पासवर्ड जुळत नाही. शेवटी, जरा लाजतच, तिने आपलं नाव घातलं. तेही नव्हतं. तिला वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं याची गंमतही वाटली.

बदलाची तयारी करताना तिने तक्त्यातल्या सारख्या ओळी एकत्र काढल्या. हे करावंच लागतं. दुखणं किती आहे ते कळतं. एका ओळीमागे तर सभासदांची जत्राच होती. इतक्या आळशांनी एकच शब्द निवडला, म्हणजे तो लायब्ररीचं नाव असणार, दुसरं काय. मग लहान घोळके लागले. आणि खाली, अगदी तळाशी, फक्त दोघांची एक जोडी.

एक ओळ बाबांची होती. दुसरी, पहिल्या अक्षरापासून शेवटच्या आकड्यापर्यंत तीच ओळ, आत्याची.

ती किती तरी वेळ नुसती बघत राहिली. बाबा आणि त्यांची ही थोरली बहीण एकमेकांशी बोलत नव्हते, आजोबा गेले तेव्हापासून. आजोबा बरे होणार नव्हते, आणि बाबांनी घरातल्या सगळ्यांना बजावलं होतं, की त्यांना सांगायचं नाही. आत्याने सांगितलं. सरळ पलंगाशी बसून, हात हातात घेऊन सांगून टाकलं. “त्यांचं मरण, त्यांना कळायला नको?” असं ती म्हणाली, आणि “त्यांचं जगणं तू आधीच संपवलंस,” असं बाबा म्हणाले. त्यानंतर दोघांनी तोंडं फिरवली ती फिरवलीच. आत्या लायब्ररीची सभासद होती, पण घरी बसून पडद्यावर वाचायची. काउंटरला भाऊ बसतो म्हणून तिने उंबरा ओलांडला नाही. बाबांच्या अंत्ययात्रेला आली, मागे उभी राहिली आणि तशीच गेली.

आणि एकाच शहराच्या दोन टोकांना बसून, एकमेकांना न कळवता, दोघंही रोज तोच शब्द टाइप करत होती.

“मग बसलीस काय?” बाइंडरकाका म्हणाले. आत्याचं तिने सांगितलं नव्हतं. बाबांचा शब्द हवाय, एवढंच काकांना ठाऊक होतं. दाभणात दोरा ओवत ते चौकटीत उभे राहिले. “तूच म्हणतेस ना, अळणी आहे तोवर चोराला सोपं? तू तर घरची. घाल शब्दकोश त्या यंत्रात. सोमवारनंतर हात चोळत बसशील.”

“चोराचं काम आहे ते, काका.”

“बापाच्या घरात पोरगी चोर कधीपासून झाली?”

दुपारी, उन्हाचा चौकोन खुर्चीपाशी आला तेव्हा, तिने शब्दांची मोठी यादी यंत्राला दिली आणि बाबांची ओळ समोर ठेवली. यंत्र कामाला लागलं. ते उलटं जात नव्हतं, जाऊच शकत नव्हतं. एकेक शब्द उचलून, दळून, ओळीशेजारी धरून बघत होतं. हा नाही. हा नाही. हाही नाही. पडद्यावरून शब्द सरकत होते, अंगण, अंगरखा, अंगाई, आणि ते वाचता वाचता तिचे डोळे मिटले.

स्वप्नात ती वरच्या वाचनकक्षात होती. सगळी टेबलं भरलेली, सगळ्यांच्या माना पुस्तकात. मग एकाच वेळी, कुणी खूण केल्यासारखी, सगळ्यांनी मान वर केली आणि सगळ्यांना एकच चेहरा होता. तोही नीट पुसून ठेवलेला, बशीसारखा. ती टेबलांमधून बाबांना शोधत निघाली. कोपऱ्यातल्या टेबलाशी दोघं जण शेजारी शेजारी बसली होती. त्यातले बाबा कुठले ते तिला ओळखू येईना. ती म्हणाली, बाबा, मला फक्त पान नंबर सांगा. दोघांनीही बोट ओठांवर ठेवलं. तिने एकाचा हात धरून ओढलं, तर दुसराही ओढला गेला, दोघं एकाच कापडाची असल्यासारखी, आणि कुठे तरी, लांब, एका घराचं दार धाडकन उघडलं. आत दिवा होता. एक म्हातारी बाई वाचत बसली होती आणि दाराकडे बघत होती.

ती दचकून जागी झाली. यंत्र अजून चाललंच होतं. क, कं, कि.

दार आत्याचं होतं. स्वप्नातलं कळायला तिला क्षणभर लागलं, मग लख्ख कळलं. ओळ एकच, म्हणजे शब्द एकच. बाबांचा फुटला की आत्याचाही फुटला. बाबा गेले होते, त्यांच्या दारात कुणीही उभं राहिलं तरी त्यांना आता काय. आत्या जिवंत होती, रोज वाचत होती, आणि कुणी तरी आपला शब्द जपतंय या भरवशावर निवांत होती. तो जपणारी कोण? मीठमंत्री.

तिने यंत्र थांबवलं. शब्द यादीत होता की नव्हता, हे तिला कधीच कळणार नव्हतं.

मग सोमवारची वाट न बघता तिने मिठाचं काम उरकायला घेतलं. सभासदांना पुन्हा शब्द विचारायची गरज नव्हती. जुन्या ओळीतच ज्याचं त्याचं मीठ घालायचं आणि ती पुन्हा दळायची, सावकाश, पुन्हा पुन्हा, म्हणजे उद्या कुणी चोर आलाच तर त्याचंही पीठ व्हावं. जुना रकाना पुसायच्या आधी तिने ती जोडी एकदा शेवटची पाहिली. ही दोघं एकच शब्द बोलली होती, याचा जगातला एकुलता एक पुरावा तिच्या पडद्यावर होता. तिने बटण दाबलं. संध्याकाळपर्यंत बाबांची ओळ एक झाली होती आणि आत्याची दुसरीच, आणि दोघांत नातं असेल असं कुणीही म्हटलं नसतं.

सोमवार मात्र जागचा हलला नव्हता. पाहिलं ते आत्याला सांगायचं नाही, हे तिने ठरवलं. तक्त्यात काय दिसलं हे तक्त्याबाहेर जाता कामा नये. पण बाबांना ओळखणाऱ्या माणसाला अंदाज विचारायला कुणाची हरकत? फक्त एकट्या आत्याला विचारलं असतं तर ते सांगितल्यासारखंच झालं असतं. म्हणून तिने आधी बाबांच्या फिरायला जायच्या मित्राला विचारलं, काउंटरवरच्या बाईंना विचारलं, बाइंडरकाकांना विचारलं.

“‘शांतता राखा’ घालून बघ,” काका म्हणाले. “जन्मभर दुसरं काय बोलला तो?”

घालून बघितलं. नव्हतं. मग तिने फोन लावला.

“आत्या, मी बोलतेय.”

“कळलं. आवाज बापाचाच उचललायस, घशातल्या घशात. जेवतेस का नीट?”

“जेवते. आत्या, लायब्ररीत येशील एकदा?”

“घरात वाचते ते पुरे आहे की. तिथे कशाला कडमडू?”

“बाबांचं पुस्तक अर्धवट राहिलंय. कुठे थांबले ते बघायला त्यांचा शब्द लागतो. सगळ्यांना विचारतेय, कुणाला काही सुचतं का.”

पलीकडे पंखा फिरत असल्याचा आवाज येत राहिला.

“मला काय सुचणार? आम्ही बोलत होतो थोडंच.”

“माहितीये.”

“मग?”

“मग काही नाही. सोमवारी खातं पुसणार आहेत.”

शनिवारी लायब्ररी बंद व्हायच्या सुमाराला आत्या आली. दारात थांबून तिने वर छताकडे बघितलं, मग काउंटरकडे. वाचकांची गर्दी ओसरली होती आणि उन्हं लांबून, खिडकीच्या तळातून आत येत होती, त्यात धूळ तरंगत होती. सगळं पाण्याखाली असल्यासारखं दिसत होतं.

“खुर्ची तीच?”

“तीच. एक पाय डुगडुगतो. बाबा पुठ्ठ्याची घडी घालायचे खाली.”

“लहानपणीही हेच. नीट दुरुस्त म्हणून काही करायचा नाही.” आत्या खुर्चीत बसली. खुर्ची डुगडुगली. “तो सांगत नव्हता आणि मी सांगून टाकलं. दोघांनाही वाटलं, आपलीच माया जास्त.” हे तिने काउंटरवरच्या पडद्याकडे बघत म्हटलं, जणू तिथे लिहिलेलं वाचतेय. मग म्हणाली, “एक बघू का घालून? हसायचं नाही.”

“नाही हसणार.”

“आणि पाठ कर.”

ती खिडकीकडे वळली. मागे एका बोटाने टाइप करायचा आवाज सुरू झाला, थांबून थांबून. किती अक्षरं झाली हे कानांनी मोजू नये, म्हणून ती खालून येणारी काकांची हातोडी ऐकत राहिली; ते पुस्तकाचा कणा ठोकून गोल करत होते. टाइप करणं थांबलं. हातोडीही थांबली.

“अगं,” आत्या म्हणाली. एवढंच.

ती वळली नाही. काचेत आत्याचा चेहरा दिसत होता, मान वर केलेला, ओठ जरासे उघडे. बाबा म्हणायचे तो चेहरा. त्यावरून काही म्हणजे काही वाचता येत नव्हतं.

“गच्चीवर चादरीचा तंबू करायचो आम्ही,” आत्या म्हणाली. “आत यायचं तर शब्द सांगावा लागायचा. मी ठरवलेला. आईने कान पिळला तरी त्याने तो कुणाला सांगितला नाही.” मग तिने भाचीकडे निरखून पाहिलं. “तुला ठाऊक होतं?”

“शब्द मला ठाऊक नाही, आत्या.”

हे खरं होतं. आत्याने ते तेवढंच घेतलं, उरलेलं मागितलं नाही. “बापावर गेलीस,” ती म्हणाली. या वेळी त्यात टोमणा नव्हता. “सांगू तुला?”

किती दिवस ती त्या एका शब्दासाठी झुरत होती. यंत्राला विचारलं होतं, स्वप्नात विचारलं होतं. आता तो हाताच्या अंतरावर होता, आणि तिला बाबा दिसले, बुटके, गुडघे पोटाशी घेऊन चादरीच्या पिवळ्या उजेडात बसलेले. तंबूत दोघांपुरतीच जागा होती.

“नको,” ती म्हणाली. “पान तेवढं दाखव.”

तिने शेजारी स्टूल ओढलं. पान कादंबरीच्या शेवटचं नव्हतं, शेवटाच्या जवळचंही नव्हतं. धाकटा घरी येऊन बराच काळ लोटला होता आणि लेखक पानंच्या पानं धुक्याचं वर्णन करत होता.

“हात्तिच्या! इथे झोपला असणार तो,” आत्या म्हणाली.

“झोपलेच असतील. धाकटा परत आलाय आणि त्याच्याशी कुणी बोलत नाही, एवढंच मला सांगितलं होतं त्यांनी.”

“पुढे काय होतं? बोलतात का त्याच्याशी कुणी?”

“मला नाही माहीत. मी तेवढंच ऐकलंय.”

आत्याने पिशवीतून चष्मा काढला, पदराने पुसला, आणि धुक्याच्या मधल्याच एका वाक्यापासून मोठ्याने वाचायला लागली. तिचा आवाज रिकाम्या कक्षात घुमला. खालून, जिन्याच्या तळातून, बाइंडरकाका ओरडले, “शांतता राखा!” आणि खुर्चीत बसलेल्या आत्याचे खांदे हलायला लागले, आवाज न होता, तसेच. वाचणं काही तिने थांबवलं नाही.